झड लागलीय, घरात पेइंग गेस्ट आहे. कपडे वाळवायचे कुठं?

नमस्कार ताई,
आम्ही लातूरला राहतो, ट्यूशन एरियापासून पायी दहा मिनिटांवर. तळमजला आमचा, वरचा मजला दिरांचा. घरात मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना दमा आहे. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याची खोली नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीला दिलीय. कंधार तालुक्यातल्या खेड्यातली आहे, वागायला चांगली आहे. उन्हाळ्यात काहीच अडचण नव्हती. पण झड लागली आणि खिडकीच्या गजांना, दाराच्या कडीला, कपाटाच्या हँडलला, जिथं बघावं तिथं तिचे ओले कपडे दिसायला लागले. खोलीत पाय टाकला की कुबट वास येतो. कपाटामागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके आलेत. लाइट बिलही वाढलंय. गच्चीची किल्ली जावेकडे असते आणि आमचं बोलणं बेताचंच. परवा ती ओला कुर्ता इस्त्रीनं वाळवत बसली होती. मी जरा जोरात बोलले, तर रडली. आता 'हो काकू', 'नाही काकू' यापुढं बोलत नाही. हे म्हणतात, भाडं पाचशेनं वाढव, नाहीतर कपडे वाळवायचं मशीन घेऊन टाकू. काय करावं?

ताई,

मशीन घेऊ नका आणि कपड्यांपायी भाडंही वाढवू नका. दोन्हींची गरज का नाही ते पुढं हिशोबानंच सांगते. पण आधी त्या रडण्याबद्दल, कारण पत्र वाचताना माझं मन तिथंच अडकलं.

ते लेकरू ज्या घरातून आलंय तिथं कपडे वाळवणं हा विचार करायचा विषयच नसतो. अंगणातल्या लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत दोरी बांधलेली असते, ती पुरली नाही तर कुंपणावर टाकायचे, पाऊस आला की ओढून पडवीत न्यायचे. वारा चारी बाजूंनी. अशा घरातली मुलगी स्लॅबच्या दहा बाय बाराच्या खोलीत येते, तेव्हा बंद खोलीत ओला कपडा काय करतो हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. त्यातून परक्या घरात आपले कपडे कुठं टाकायचे हे विचारायचा संकोच. मग दाराची कडी, खिडकीचे गज आणि कपाटाचं हँडल एवढंच उरतं. तुम्ही खोली दाखवताना कॉट दाखवली असेल, टेबल, पंखा, नळाची वेळ, जेवणाची वेळ, सगळं सांगितलं असेल. वलणी दाखवली होती का?

मीही दाखवली नव्हती. परभणीला आमच्या घरी कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली चार वर्षं राहिल्या. पहिल्या पावसाळ्यात मीही तुमच्यासारखीच रोज चिडायचे. एकदा सकाळी त्यातली एक कॉलेजला निघाली, तर तिच्या कुर्त्यावर कमरेभोवती ओलाव्याचा पट्टा उमटलेला. सलवारीचा नेफा ओला होता आणि तशीच घालून ती निघाली होती. विचारलं तर हळूच म्हणाली, "काकू, दुसरी वाळलीच नाही." दिवसभर ती तशीच वर्गात बसणार होती. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं की कपडे वाळवायची जागा कॉट-टेबलाइतकीच भाड्यात आलेली असते. ती देणं आपलं काम आहे, तिनं मागायची वाट बघायची नाही.

आता पाण्याकडे येते, कारण सगळी मेख तिथं आहे.

हातानं पिळलेल्या कपड्यात किती पाणी राहतं याचा आपल्याला अंदाज नसतो. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर जीन्सची पँट मोजली. कोरडी ६५० ग्रॅम भरली. धुऊन, मी आणि त्या मुलीनं दोन टोकं धरून मनगटं दुखेपर्यंत पिळली, तरी १,४०० ग्रॅम. तीच पँट सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवली, तर ९८० ग्रॅम. म्हणजे एका पँटमधलं ४०० ग्रॅमहून जास्त पाणी पाच मिनिटांत मोरीत गेलं. नाहीतर ते सगळं खोलीच्या हवेत गेलं असतं.

आणि खोलीची हवा पाणी घेणार तरी किती? दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २७ अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. झडीत यातली ८० टक्के जागा आधीच भरलेली असते. राहिले घनमीटरला पाच ग्रॅम. सगळ्या खोलीचे मिळून होतात पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे छोटा पेलाभर पाणी. आणि तिच्या चार दिवसांच्या कपड्यांत पिळल्यावरही दोन लिटर पाणी सहज असतं. दारं-खिडक्या लावून पंखा सोडला की तीच ओली हवा गोल गोल फिरत राहते. पेलाभर पाणी घेतलं की ती भरली. उरलेलं पाणी कपड्यांत मुरतं आणि वास धरतं, किंवा खोलीतली जी भिंत सगळ्यात गार, जिथं वारा लागत नाही, तिथं जाऊन बसतं. कपाटामागची भिंत तशीच असते. दोन लिटर पाणी घालवायचं तर त्या खोलीतली हवा निदान बारा वेळा बदलायला हवी. मे महिन्यात ४० अंशांत, हवेत २० टक्के दमटपणा असताना, तीच खोली याच्या आठपट पाणी पिते. म्हणून उन्हाळ्यात तुम्हाला ही अडचण दिसलीच नाही. मुलगी तीच, कपडेही तेच होते.

म्हणून कपडे वलणीवर टाकायच्या आधी निघेल तेवढं पाणी काढायचं आणि उरलेलं घराबाहेर घालवायचं. ऊब विकत आणायची नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिटाएवढी ऊर्जा लागतेच लागते. ती इस्त्रीनं किंवा हीटरनं दिली तर तुमच्या मीटरवर चढते, वाऱ्याकडून घेतली तर फुकट मिळते. वाळवायचं मशीन एका खेपेला दोन ते चार युनिटं खातं, ते याच कारणानं.

तुमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक आहे की नाही ते पत्रात नाही. असेल तर त्याचा ड्रायर तिला मोकळ्या मनानं वापरू द्या. बिघडेल या भीतीनं खूप घरांत रूमवरच्या मुलींना मशीनला हात लावू देत नाहीत. धुणं तिनं हातानं केलं तरी चालेल, पण पिळायला ड्रायर द्याच. पाच मिनिटांच्या फेरीला युनिटाचा पन्नासावा भाग वीज लागते, आणि वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. एकदा तिच्याजवळ उभं राहून दाखवा. कपडे तळाशी गोल, सगळीकडे सारखे दाबून बसवायचे, वर जाळीची चकती ठेवायची, मगच झाकण लावायचं. एका बाजूला टॉवेल आणि दुसऱ्या बाजूला रुमाल असं झालं की मशीन धडधडतं आणि मग खरंच बिघडतं. तीन मिनिटं फिरवायचं, थांबवायचं, कपडे मोकळे करून उलटसुलट करायचे आणि पुन्हा तीन मिनिटं. दुसऱ्या फेरीला पाइपाखाली मग धरा. आता काही निघायचं नाही असं वाटतं, तेव्हाही चांगली धार येते. ते पाणी फरशी पुसायला ठेवा.

मशीन नसेल तर नुसता पिळायचा स्पिनर वेगळा मिळतो, पूर्ण मशीनपेक्षा बराच स्वस्त, आणि तुमच्या घरातल्या चौघांनाही उपयोगी पडेल. तोही घ्यायचा नसेल तर टॉवेलची युक्ती आहे. जाड कोरडा टॉवेल फरशीवर पसरायचा, त्यावर पिळलेला कुर्ता सरळ ठेवायचा, दोन्हींची वळकटी करायची आणि त्या वळकटीवर गुडघे टेकून बसायचं. वळकटी उलगडली की टॉवेल जड लागतो आणि कुर्ता हलका. टॉवेल वाळवायला सोपा असतो, कारण त्याला शिवण नसते, नेफा नसतो, खिसे नसतात.

एक गोष्ट आपल्या गावांची. लातूरकरांना पाण्याचं मोल मी काय सांगू? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस तुम्ही काढलेत. त्या सवयीनं नळाला पाणी आलं की घरभराचं धुणं एकदमच निघतं. चादरी त्याच दिवशी, तुमच्या साड्या त्याच दिवशी, तिचे आठवड्याचे कपडे त्याच दिवशी. उन्हाळ्यात चालतं. झडीत हेच सगळ्यात महागात पडतं, कारण सहा-सात लिटर पाणी एकाच रात्री घरात सोडलं जातं. पाणी भरून ठेवा आणि धुणं विभागा. तिचे दोन वार, तुमचे दोन वार, आणि एकमेकांच्या वारी शक्यतो नाही. चादरी, वाकळा उघडीप मिळेपर्यंत धुवायलाच काढू नका. आपल्याकडे कोकणासारखी चार महिने धार लागत नाही. चार दिवस झड, मग दोन दिवस ऊन, असं चालतं. ते दोन दिवस जाड कपड्यांसाठी राखायचे.

वाळवायची जागा म्हणून तिची खोली नको. ती तिथंच रात्री एक-दीडपर्यंत वाचते आणि तिथंच झोपते. रात्रभर ओल्या हवेत श्वास घेऊन सकाळी डोकं जड होणारच. सासूबाईंची खोली तर मुळीच नको. बुरशीचे कण दम्याला फार वाईट. स्वयंपाकघर उबदार असतं म्हणून तिथं टाकावंसं वाटतं, पण एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. त्यावर फोडणीचा वास. म्हणून हॉल घ्या. घडीचा स्टँड आणा. रात्री जेवणं आवरली, टीव्ही बंद झाला की दहा वाजता तो उघडायचा आणि सकाळी सातला आवरायचा. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिंतीला खिळा ठोकून दोरी बांधली की कपडे भिंतीला चिकटतात आणि रंगाचे पोपडे निघतात. छताला अडकवायचे पुलीचे दांडे मिळतात तेही चांगले, कारण वरची हवा थोडी जास्त गरम असते आणि खालून जायला-यायला जागा राहते. फक्त ते नीट स्लॅबमध्ये बसवून घ्या.

कपडे टाकण्याची पद्धत मात्र मी बारकाईनं सांगणार आहे, कारण निम्मी लढाई इथंच जिंकली जाते. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवंच. दहा कपडे चिकटून टाकण्यापेक्षा सहा टाका आणि उरलेले पिळून बादलीवर पसरून ठेवा. सहा वाळले की ते टाका. जीन्स उलटी करायची, खिसे बाहेर ओढायचे आणि कमरेला चार चिमटे लावून नळकांड्यासारखी उघडी टांगायची, म्हणजे आतून वारा जातो. दोरीवरून दुमडून टाकलेली जीन्स दोन दिवसांतही वाळत नाही. कुर्ता हँगरवर, बटणं उघडी. सलवारीची नाडी काढून टाकायची. नाडीनं चुण्या पडलेला नेफा चार पदरी जाड होतो आणि सगळी सलवार वाळली तरी तो ओला राहतो. ती नाडी काढायचा कंटाळा करायचा नाही, हे मी त्या दोन मुलींना चार वर्षं सांगितलं. साडी दोन दोऱ्यांवरून नागमोडी सोडायची, एकावर एक घडी नको. आणि मध्ये एकदा, झोपायला जाताना, कपडे फिरवायचे. पाणी खाली उतरतं, म्हणून खालची किनार सगळ्यात ओली असते. ती वर घ्यायची.

त्याच कारणानं छताचा पंखा फारसा कामाचा नाही. टेबल फॅन घ्या आणि स्टँडच्या एका बाजूला खाली ठेवा, वारा खालच्या किनारींवरून आडवा जाईल असा. वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेची खिडकी वीतभर उघडी हवी आणि उलट बाजूचं दार किंवा दुसरी खिडकी फटीएवढी तरी. बाथरूमला एक्झॉस्ट असेल तर बाथरूमचं दार उघडं ठेवून तो लावा, ओली हवा तिकडून ओढली जाते. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडी ठेवून काय होणार, असं तुम्ही म्हणाल. पण बाहेरची हवा कितीही दमट असली तरी कपड्यांनी भरलेल्या बंद हॉलपेक्षा ती कोरडीच असते. खिडकीवर सज्जा असला की सडा आत येत नाही.

आपल्या घरांत पावसाळ्यात पडून राहणारी एक वस्तू आहे, तिचा मी सगळ्यात जास्त उपयोग केला: कूलर. कूलरचं पाणी पूर्ण काढून टाका, पंप बंद, बाजूच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून टाका. ते दमट गवत बुरशीचं घर असतं. मग नुसता पंखा चालवा. खिडकीला लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली ओली हवा समोरच्या दारातून निघून जाते. आमच्याकडे भर झडीतही ड्रायरमध्ये फिरवलेले कुर्ते कूलरसमोर दोन-अडीच तासांत वाळायचे. फक्त पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, ओल्या हातानं बटण दाबू नका आणि त्याच्या अंगावर एकही ओला कपडा टाकू नका. हे मी आग्रहानं सांगते.

तितक्याच आग्रहानं दुसरी गोष्ट. आपल्या आज्या बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायच्या. ती घरं माळवदाची होती, सवणं होती, धूर निघून जायचा. आजच्या बंद खिडकीच्या स्लॅबच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास; झोपेतच माणूस जातो. गॅसच्या शेगडीवर कपडे धरणं, गीझरवर टाकणं, हेही तिला स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर घाईच्या सकाळी मुली हे करतात.

आता जे तुम्ही लिहिलं नाही पण जे तुमच्या घरात घडत असणार, ते. ती मुलगी आतले कपडे कुठं वाळवते? बहुतेक ओढणीखाली किंवा टॉवेलच्या आत लपवून, कारण घरात पुरुषमाणूस आहे. झाकलेला कपडा वाळत नाही, आणि तोच अर्धा ओला कपडा ती अंगावर घालते. पावसाळ्यात मुलींना गजकर्ण होतं, खाज सुटते, त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि त्या कुणाला सांगत नाहीत. चिमट्यांचं गोल हँगर मिळतं, ते आणून तिच्या खोलीच्या खिडकीला आतून लावून द्या. तेवढेच कपडे तिच्या खोलीत, उघडे, न झाकता; त्यांत पाणी जेमतेम असतं, खोलीला त्रास होत नाही. तिच्या खोलीत तिला विचारल्याशिवाय घरातलं कुणी जाणार नाही हेही तेव्हाच सांगून टाका. यजमानांशी यावर चर्चा करायची गरज नाही. उघडीप पडली की ते हँगर उन्हात ठेवायची तिला मोकळीक द्या. पाळीसाठी ती कापड वापरत असेल तर त्याला ऊन मिळणं फारच गरजेचं आहे.

वासाचं सांगते. कपडा बराच वेळ ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात. मोराक्झेला नावाचा एक जिवाणू त्यात मुख्य आहे, आणि साध्या धुण्यानं तो पूर्ण जात नाही. म्हणून पुन्हा ओला झाला की तोच वास परत येतो. ज्या कपड्यांना वास धरलाय ते, रंग टिकणारे असतील तर, हाताला सोसणार नाही इतक्या कडक पाण्यात अर्धा तास बुडवा आणि मग धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण पावडर वाढवतो. ती पावडर धाग्यात बसते, ओल धरून ठेवते. पावडर कमी करा, एक खळबळणं वाढवा, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. इस्त्री वाळलेल्या कपड्यावर करायची. ओल्या कुर्त्यावर तासभर इस्त्री फिरली की युनिटभर वीज जाते, आणि वाफ होऊन ते पाणी पुन्हा खोलीतच.

आता यजमानांचे पाचशे रुपये. टेबल फॅन ५५ वॅटचा, रात्री सहा तास, महिन्यातले बारा दिवस: चार युनिटं. ड्रायरच्या सगळ्या फेऱ्या मिळून अर्धं युनिट. झडीचे सहा दिवस कूलरचा पंखा दोन-दोन तास: सव्वादोन युनिटं. सगळे मिळून सात युनिटं धरा, आणि युनिटाला बारा रुपये धरले तरी ८४ रुपये झाले. त्यात तुमचे कपडेही वाळले. मग बिल कशानं वाढलं? माझा संशय गीझरवर आहे. पावसाळा सुरू झाला की चौघांना गरम पाणी लागतं, आणि दोन हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट जातं. एक दिवस सकाळी आंघोळींच्या आधी आणि नंतर मीटरचा आकडा लिहून ठेवा, रात्री पुन्हा लिहा. शंभर युनिटांच्या पुढची युनिटं महाग दरानं लागतात, त्यामुळं थोडी वाढही बिलात मोठी दिसते. आकडे यजमानांना दाखवा. तरीही पावसाळ्यापुरते शंभर रुपये जास्त घ्यायचे ठरलं तर घ्या, पण कशाचे ते तिला सांगून.

तिच्याशी बोलायचं ते रविवारी दुपारी, क्लास नसताना, दोघीच असताना. चहा ठेवा. सुरुवात कपड्यांनी करू नका, "परवा मी जोरात बोलले, मला तसं बोलायचं नव्हतं" इथून करा. मग स्टँड दाखवा: "ही तुझी बाजू, ही माझी. तुझे वार मंगळवार आणि शनिवार. ड्रायर वापर, ये, दाखवते." आणि एक विचारून घ्या: ती क्लासला असताना पाऊस आला तर तिचे कपडे तुम्ही काढलेले चालतील का? काही मुलींना चालतं, काहींना नाही. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. तिच्या आईशी फोनवर बोलणं होत असेल तर हे कपड्यांचं प्रकरण तिकडं नेऊ नका, घरी उगाच काळजी लागते.

राहिली भिंत. ठिपके कोरड्या झाडूनं झाडू नका, बुरशी हवेत उडून थेट सासूबाईंपर्यंत जाईल. नाकाला रुमाल बांधा, साबणाच्या पाण्यात फडकं ओलं करून पुसा, फडकं टाकून द्या. ब्लीच वापरायचं असेल तर त्यात बाथरूमचं ॲसिड कधी मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. रंग आता देऊ नका. दिवाळीनंतर भिंत वाळली की द्या.

पण त्याआधी एक करून बघा. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन त्या ठिपक्यांवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला, खोलीकडं जमलं तर ती ओल खोलीतल्या हवेची, कपड्यांची. वर सांगितलेलं केलं की ती थांबेल. थेंब प्लास्टिकच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला आले, तर ओल भिंतीतूनच येतेय. त्या भिंतीच्या वर जावेचं बाथरूम येतं का बघा, आणि येत असेल तर तिच्याशी बोला. गच्चीच्या किल्लीचंही त्याच वेळी विचारून घ्या. आणि थेंब असे मागं आले असतील तर मुलीला हाक मारून ते प्लास्टिक दाखवा. सांगा, "बघ, हे तुझ्या कपड्यांमुळं नव्हतं."